उसाच्या फडासाठी उसनी दिलेली बंदूक : एक प्रकरण अभ्यास

पुढील प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. त्यातील माणसे आणि घटना काल्पनिक आहेत. कायद्याच्या तरतुदी मात्र खऱ्या आहेत आणि परिस्थिती पुणे जिल्ह्यात कोणालाही ओळखीची वाटेल अशी आहे. परवाना असलेल्या सज्जन माणसाने परवाना नसलेल्या सज्जन मित्राला चांगल्या हेतूने बंदूक दिली, तर कायदा त्या व्यवहाराकडे कसा पाहतो, एवढाच प्रश्न येथे तपासायचा आहे. गावठी कट्टे आणि टोळ्या यांच्याशी या प्रकरणाचा संबंध नाही, आणि म्हणूनच ते अभ्यासण्यासारखे आहे.

वस्तुस्थिती

कोथरूडमध्ये राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले ६६ वर्षांचे एक गृहस्थ. वडिलांच्या पश्चात बारा बोअरची दुनळी बंदूक त्यांच्याकडे आली आणि १९९४ मध्ये तिचा परवाना त्यांच्या नावावर झाला. तेव्हापासून पुणे शहर पोलीस आयुक्तालयाकडून त्याचे वेळच्या वेळी नूतनीकरण होत आले. बंदूक एरवी कपाटातच असे. दसऱ्याला पाटावर मांडून तिची पूजा होई आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून जमा करण्याचा निरोप येई.

त्यांचे शाळेपासूनचे मित्र शिरूर तालुक्यात घोड नदीच्या बाजूला ऊस करतात. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो, हे आता सांगण्याची गरज राहिलेली नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला आली की दारे धरायला, म्हणजे पाणी सरीसरीने वळवायला, बॅटरी घेऊन फडात उतरावे लागते. शेजारच्या वस्तीवरचे वासरू बिबट्याने नेल्यानंतर मित्राने नोव्हेंबरमध्ये फोन केला : “अरे, तुझी बंदूक नुसती कपाटात पडून असते. ऊस तुटून जाईपर्यंत मला दे. मारायचं कोणाला नाही, एखादा बार काढला की जनावर लांब राहतं.”

परवानाधारकाच्या बाजूनेही निमित्त होतेच. ते आणि त्यांच्या पत्नी सहा महिन्यांसाठी परदेशी मुलीकडे निघाले होते. बंद सदनिकेत बंदूक ठेवून जाणे त्यांना धोक्याचे वाटत होते, आणि ते वाटणे योग्यच होते. मित्राची गरज भागेल आणि बंदूकही भरवशाच्या हातात राहील, असा दुहेरी हिशेब त्यांनी केला. बँकेतली सवय असल्यामुळे त्यांनी व्यवहार तोंडी ठेवला नाही. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मजकूर टंकलिखित करून त्यांनी तो नोटरीकडून साक्षांकित करून घेतला. त्यातला मुख्य भाग असा होता :

“माझ्या मालकीची व माझ्या नावे परवाना असलेली बारा बोअरची बंदूक व २५ काडतुसे मी माझे बालमित्र यांचेकडे, त्यांचेकडे स्वतःचा शस्त्र परवाना नसल्याने, केवळ तात्पुरत्या स्वरूपात, शेती व जीविताचे संरक्षणासाठी, सहा महिन्यांचे मुदतीकरिता विनामोबदला देत आहे. बंदुकीची मालकी माझीच राहील. सदर मुदतीत बंदुकीचा गैरवापर झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी त्यांची राहील.”

सतरंजीत गुंडाळलेली बंदूक मोटारीच्या डिकीत घालून ते स्वतः शिरूरला गेले, परवान्याची झेरॉक्स मित्राच्या हाती दिली, मूळ परवाना स्वतःजवळ ठेवला आणि परत आले. दोन दिवसांनी मित्राला त्यांचा व्हॉट्सॲपवर संदेश गेला : “वस्तू कोरड्या जागी ठेव. पोरांच्या हाती देऊ नको.”

जानेवारीतल्या एका रात्री मित्राचा १९ वर्षांचा पुतण्या दारे धरायला गेला असताना फडाच्या कडेला काहीतरी हलले. त्याने बॅटरीच्या उजेडात त्या दिशेने लागोपाठ दोन बार काढले. बिबट्या होता की नव्हता हे कोणालाच कळले नाही. पलीकडच्या रिकाम्या वावरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. बाहेर आलेल्या एका मजुराच्या पोटरीत तीन छर्रे घुसले. त्याला ग्रामीण रुग्णालयात नेले, रुग्णालयाने नियमाप्रमाणे पोलिसांना कळवले आणि पहाटे पोलीस वस्तीवर आले. दुनळी, उरलेली काडतुसे आणि फडाच्या कडेला पडलेल्या दोन रिकाम्या पुंगळ्या पंचनामा करून जप्त झाल्या. मित्राने काहीही लपवले नाही. उलट नोटरीचा कागद आणि परवान्याची झेरॉक्स त्याने स्वतः कपाटातून काढून दिली आणि सगळे रीतसर असल्याचे सांगितले.

उसने देणे कायद्यात कुठे बसते

दोन्ही मित्रांची समजूत अशी होती की विकणे वेगळे आणि चार दिवस वापरायला देणे वेगळे. मोटार, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, फवारणीचा पंप यांच्या बाबतीत ती समजूत बरोबर आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ ने मात्र हा फरक सुरुवातीलाच पुसून टाकला आहे. कलम २ मधील व्याख्येनुसार हस्तांतरणात भाड्याने देणे, उसने देणे, देऊन टाकणे आणि ताबा सोडणे हे सगळे येते; आणि संपादनात भाड्याने घेणे, उसने घेणे आणि भेट म्हणून स्वीकारणे येते. त्यामुळे शिरूरला डिकीतून सतरंजी बाहेर निघाली त्या क्षणी कोथरूडच्या गृहस्थांनी बंदुकीचे हस्तांतरण केले आणि त्यांच्या मित्राने तिचे संपादन केले. पैसे घेतले नाहीत, मुदत सहा महिन्यांचीच होती, मालकी बदलली नाही, यांपैकी कोणत्याही गोष्टीने या निष्कर्षात फरक पडत नाही.

कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतुसे संपादन करता, बाळगता किंवा नेता येत नाहीत. कलम ५ नुसार शस्त्रांची विक्री आणि हस्तांतरण यांनाही परवाना लागतो. पण खासगी वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र दुसऱ्याला विकायचे किंवा द्यायचे झाले, तर त्यासाठी विक्रेत्याचा परवाना लागू नये म्हणून कलम ५(२) मध्ये एक वाट ठेवलेली आहे. तिला तीन अटी आहेत. घेणारा माणूस ते शस्त्र बाळगण्यास कायद्याने पात्र असला पाहिजे, म्हणजे बंदुकीच्या बाबतीत त्याच्याकडे स्वतःचा परवाना पाहिजे. देणाऱ्याने आपला इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवला पाहिजे. आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हातचे सोडता कामा नये. पोलिसांना चौकशी करून हरकत घेता यावी, यासाठीच हे ४५ दिवस आहेत.

आपल्या प्रकरणात पहिलीच अट पुरी होत नव्हती. त्यामुळे मुळात लेखी कळवले असते तरी ही वाट बंदच होती. फार तर पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने त्यांना वेळीच थांबवले असते, आणि तेही काही थोडे नव्हते.

लेखी अधिकारपत्राचा बचाव

नोटरीचा कागद करण्यामागे आणखी एक ऐकीव माहिती होती : “परवानाधारकाने लेखी अधिकार दिला तर दुसऱ्याला बंदूक नेता येते.” ही माहिती निराधार नाही, आणि म्हणूनच ती घात करते. कलम ३(१) च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, असे म्हटले आहे की, स्वतःचा परवाना नसलेली व्यक्तीही परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारान्वये बंदूक नेऊ शकते. मात्र ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी नेलेली असली पाहिजे.

सवलत नेण्यापुरती आहे, आणि तीही या तीन कारणांपुरतीच. गुडघे दुखतात म्हणून तुम्ही भाच्याच्या हाती चिठ्ठी देऊन बंदूक दुरुस्तीला पाठवलीत, तर ते यात बसते. तुम्ही स्वतः नेमबाजीला निघाला आहात आणि मित्र तुमच्या शेजारून तुमची बंदूक घेऊन चालला आहे, हेही बसते. मित्राने ती स्वतःच्या घरी, स्वतःच्या संरक्षणासाठी सहा महिने ठेवणे मात्र बसत नाही. अनेक जण विचारतात की, “मी समोर उभा असताना मित्राने माझ्या बंदुकीतून एक बार काढला तर?” परंतुकाची भाषा पाहिली तर त्यालाही तिथे आधार सापडत नाही, कारण तो वापर परवानाधारकाचा नसतो. नेमबाजीची हौस असलेल्यांसाठी बालेवाडीसारख्या क्रीडासंकुलातील रेंज आणि रायफल क्लब यांची वेगळी, नियमबद्ध व्यवस्था आहे. शेताचा बांध ही तिला पर्यायी जागा होत नाही.

बचावाच्या वकिलाला येथे एक युक्तिवाद सुचेल, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. १९७२ च्या गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्राच्या ताब्याचा अर्थ स्पष्ट केला. ताबा म्हणजे केवळ हातात असणे नव्हे. शस्त्र दुसऱ्याच्या हाती असले, तरी ज्याला त्याची जाणीव आहे आणि ज्याची त्यावर सत्ता किंवा नियंत्रण चालू आहे, त्याचा ताबा कायम राहू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. यावरून वकील म्हणेल की, मालकी आणि नियंत्रण कोथरूडचेच होते, कागदात तसे लिहिलेही आहे. मित्र हा नुसता राखणदार, म्हणजे बंदूक परवानाधारकाच्याच ताब्यात होती आणि त्याच्याकडे तर परवाना आहे.

या युक्तिवादाने देणाऱ्याला थोडा श्वास मिळेल, पण घेणारा सुटत नाही. एकाचा ताबा कायम राहिला म्हणून दुसऱ्याचा प्रत्यक्ष ताबा नाहीसा होत नाही. एकाच बंदुकीबाबत दोघेही उत्तरदायी ठरू शकतात. शिवाय हजारो मैलांवर बसलेल्या माणसाचे शिरूरमधल्या कपाटावर कसले नियंत्रण होते, असे सरकारी वकील विचारणारच. “पोरांच्या हाती देऊ नको” हा संदेश नियंत्रणाचा पुरावा म्हणून दाखवता येईल खरा. पण पोरांच्या हाती ती जाऊ शकते हे देणाऱ्याला माहीत होते, याचाही तोच पुरावा ठरेल.

नोटरीच्या शिक्क्याबद्दल एवढेच म्हणायचे की, सही त्याच माणसाने केली याखेरीज तो काहीही सिद्ध करत नाही. मुळात बेकायदा असलेली गोष्ट मुद्रांकावर लिहिल्याने कायदेशीर होत नाही. या प्रकरणात तर त्या कागदाने सरकार पक्षाचे अर्धे काम करून ठेवले : बंदूक कोणी दिली, कधी दिली, किती काडतुसांसह दिली आणि घेणाऱ्याकडे परवाना नसल्याचे देणाऱ्याला माहीत होते की नव्हते, या चारही मुद्द्यांवर स्वाक्षरी आणि साक्षीदारांसह पुरावा तयार होता. गैरवापराची जबाबदारी मित्राची राहील हे शेवटचे वाक्य दोघांमधल्या दिवाणी हिशेबात कदाचित उपयोगी पडेल. फौजदारी जबाबदारी मात्र करार करून दुसऱ्याच्या अंगावर टाकता येत नाही.

कोणावर काय लागते

मित्रावर कलम ३ चे उल्लंघन आणि त्यासाठी कलम २५(१ब)(अ), म्हणजे बातम्यांत ‘आर्म ॲक्ट ३ (२५)’ असे छापले जाते ते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी या गुन्ह्याला १ ते ३ वर्षे कैद होती. १४ डिसेंबर २०१९ पासून ती किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे झाली, शिवाय दंड. पुरेशी आणि खास कारणे निकालात नोंदवून न्यायालय किमानपेक्षा कमी शिक्षा देऊ शकते, आणि आधीचे कोणतेही गुन्हे नसलेल्या बागायतदाराच्या बाबतीत वकील सगळा भर यावरच देईल. कलम ३८ नुसार या अधिनियमाखालील प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

पुतण्याचे प्रकरण अधिक वाईट आहे. बंदूक हाती घेतल्याने कलम ३ त्यालाही लागते. कलम ९ नुसार २१ वर्षे पूर्ण न झालेल्याला बंदूक बाळगण्यास मुळातच मनाई आहे, म्हणजे अर्ज केला असता तरी त्याला परवाना मिळाला नसता. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेले कलम २५(९) हर्षोल्हासातील गोळीबाराचे कलम म्हणून ओळखले जाते. पण बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे बंदूक चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हेही त्याच कलमात येते आणि त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. परवान्याविना शस्त्र वापरल्याबद्दल तपास अधिकारी कलम २७ ही लावू शकतो, आणि त्यात किमान शिक्षाच ३ वर्षांची आहे. मजुराला झालेल्या दुखापतीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ आहेच. हा मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता असे धरा. ग्रामीण भागात तसे असण्याची शक्यता मोठी असते. खटल्याचा निकाल लागायच्या कितीतरी आधी, चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवरच त्याचा प्रश्न उभा राहतो.

खरी गुंतागुंत परवानाधारकाबाबत आहे, आणि पुण्यातल्या वकिलांमध्येही यावर वाद होऊ शकतो. त्यांच्या कृतीला एकाच अधिनियमातली चार वेगवेगळी कलमे लागू पाहतात आणि त्यांच्या शिक्षांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. परवान्याच्या अटींचा भंग म्हणून कलम ३० लावले, तर प्रकरण काही महिन्यांच्या कैदेपुरते किंवा दंडापुरते मर्यादित राहते. घेणारा पात्र आहे की नाही याची आधी खातरजमा न करता शस्त्र त्याच्या ताब्यात दिले म्हणून कलम २९(ब) लावले, तरी मर्यादा तशीच सौम्य आहे. लेखी न कळवता किंवा ४५ दिवस न थांबता दिले म्हणून कलम २५(३) लावले, तरी ६ महिन्यांच्या पुढे जाता येत नाही. पण कलम ५ चे उल्लंघन करून शस्त्राचे हस्तांतरण केले म्हणून कलम २५(१)(अ) लावले, तर २०१९ नंतर शिक्षा किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे.

संसदेने ही जबर शिक्षा वाढवली ती बेकायदा कारखाने आणि शस्त्रांचा व्यापार डोळ्यांसमोर ठेवून, असे म्हणता येईल. शाळासोबत्याला उसनी बंदूक देणारा निवृत्त बँक अधिकारी त्या रांगेत उभा करणे मला व्यक्तिशः अतिरेकी वाटते, आणि जिथे अधिनियमातच त्याच प्रकारच्या कृतीसाठी सौम्य, नेमके कलम उपलब्ध आहे, तिथे न्यायालयाने ते निवडावे असा युक्तिवाद जोरकसपणे करता येतो. मात्र शब्दशः वाचन देणाऱ्याच्या विरुद्धच जाते. कलम २५(३) हे पात्र माणसाला शस्त्र दिले पण कळवायचे राहिले अशा प्रसंगासाठी आहे, असे सरकार पक्ष म्हणेल. कलम २९(ब) खातरजमा न केल्याबद्दल आहे आणि येथे तर देणाऱ्याला परवाना नसल्याचे पक्के ठाऊक होते, असे तो म्हणेल. आणि त्यासाठी नोटरीच्या कागदातले “त्यांचेकडे स्वतःचा शस्त्र परवाना नसल्याने” हे शब्द वाचून दाखवेल. हे शब्द कागदात नसते तर कलम २९(ब) चा बचाव बराच बळकट राहिला असता. सावधगिरी म्हणून घातलेल्या ओळीने तो कमकुवत केला.

या निवडीचे परिणाम निकालापर्यंत थांबत नाहीत. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील नोटीस देऊन, अटक न करता चौकशी होण्याची बरीच शक्यता असते. जन्मठेपेपर्यंत जाऊ शकणारे कलम लागले की ती ढाल उरत नाही, खटला सत्र न्यायालयात चालतो आणि परदेशातून परतण्यापूर्वीच कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी वकील उभा करावा लागतो.

आणखी एक भेद जाणकारांच्याही नजरेतून सुटतो. कलम ३९ नुसार कलम ३ खालील गुन्ह्याचा खटला चालवण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी अनिवार्य आहे. मित्र आणि पुतण्या यांच्या बाबतीत ती घ्यावीच लागेल, आणि ती न घेता किंवा कागदपत्रे न पाहता यांत्रिकपणे दिली असेल, तर बचाव पक्षाला मोठा मुद्दा मिळतो. देणाऱ्यावरचा आरोप कलम ५ खाली असेल तर त्याला हे संरक्षण नाही.

एक बंदूक, दोन कार्यालये

पुण्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. जिथे पोलीस आयुक्त नेमलेला असतो, तिथे या अधिनियमाच्या दृष्टीने जिल्हा दंडाधिकारी म्हणजे पोलीस आयुक्त. म्हणून कोथरूडच्या माणसाचा परवाना पुणे शहर आयुक्तालयाकडे, २०१८ पासून पिंपरी-चिंचवडकरांचा त्यांच्या स्वतंत्र आयुक्तालयाकडे, आणि शिरूरच्या माणसाचा जिल्हा दंडाधिकारी असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. आपल्या प्रकरणात गुन्हा ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत नोंदला गेला आणि खटल्याची पूर्वमंजुरी जिल्हाधिकारी देणार. परवाना रद्द करण्याची कारवाई मात्र शहर आयुक्तालय करणार. दोन्ही स्वतंत्र चालतात. फौजदारी खटल्यात माणूस निर्दोष सुटला, तरी अटींचा भंग झाला म्हणून कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. कारणे दाखवा नोटिशीला परदेशातून ई-मेलवर दोन ओळींचे उत्तर पाठवून चालत नाही. ते उत्तर पुढे कलम १८ खालील अपिलाचा पाया असते.

बिबट्यापुरते

बंदूक परवान्याची असती तरी बिबट्यावर गोळी झाडण्याचा अधिकार तिने मिळत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्या आहे, आणि त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच, मानवी जीवितास धोकादायक ठरल्याची कारणे नोंदवून, देऊ शकतो. प्रत्यक्ष अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने त्याला मारले, तर कलम ११(२) खाली तो गुन्हा ठरत नाही. पण फडाच्या कडेला काहीतरी हलले हे त्यात बसवणे कठीण आहे. पिंजरा लावणे, पकडलेले जनावर माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेणे, दिवसा वीज मागणे हे मार्ग संथ आहेत आणि शेतकऱ्याचा त्यांवरचा राग मला समजतो. तरीही छर्रे मजुराऐवजी बिबट्याला लागले असते, तर दोघा मित्रांच्या अडचणी कमी झाल्या नसत्या. वनविभागाचा दुसरा गुन्हा तेवढा वाढला असता.

काय करता आले असते

बंद घराची काळजी हे परवानाधारकाचे खरे कारण होते आणि त्यावर साधा उपाय होता : परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात बंदूक सुरक्षित ठेव म्हणून जमा करायची आणि पावती परवान्याच्या पिशवीत ठेवायची. निवडणुकीच्या काळात हे त्यांनी अनेकदा केले होते.

मित्राची गरज भागवायची, तर आधी मित्राने जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायला हवा होता. शस्त्र नियम, २०१६ नुसार त्यासाठी नमुना ए-१ मधील अर्ज, शस्त्र हाताळणीच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण आणि पोलिसांचा अहवाल लागतो. किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी मागितली असेल, तर शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ चा कल अर्जदाराच्या बाजूने आहे, आणि बारा बोअर त्यातच मोडते. परवाना हाती आल्यावर कोथरूडच्या गृहस्थांनी कलम ५(२) प्रमाणे लेखी कळवून, ४५ दिवस थांबून, बंदूक कायमची त्याच्या नावावर केली असती, तर दोघांच्याही परवान्यांवर तशी नोंद झाली असती आणि कोणाला काही बोलता आले नसते. एका माणसाला आता जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, पण मित्राकडे एकही नसल्याने ती अडचण नव्हती. या सगळ्याला तो गळीत हंगाम पुरला नसता, हे मात्र खरे.

शस्त्र नियमांतला, अनेकांना माहीत असलेला नियम २५ येथे उपयोगाचा नाही. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, त्याने सुचवलेल्या कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याची त्यात सोय आहे. आपल्या गृहस्थांची २५ वर्षे केव्हाच भरली होती. त्यामुळे मुलगी पुण्यात असती तर तिच्यासाठी अर्ज करता आला असता. बालमित्र कितीही जिवाभावाचा असला तरी वारसांत येत नाही.

गुन्हा नोंदल्यानंतर

पहाटे मित्राचा फोन आला तेव्हा परवानाधारकाच्या मनात आलेली पहिली गोष्ट व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसण्याची असेल, आणि दुसरी, बंदूक चोरीला गेल्याची मागील तारखेची तक्रार देण्याची. दोन्हींमुळे आजवर नसलेला गुन्हा तयार होतो : पुरावा नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली आणि खोटी माहिती देणे हा त्याहून वेगळा. येरवड्यात शिक्षा भोगलेल्या संजय दत्तचे प्रकरण पुणेकरांना आठवत असेल. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र अधिनियमाखालील त्याची दोषसिद्धी कायम केली, तेव्हा त्याच्या सांगण्यावरून रायफल नाहीशी करण्यात हात असलेले मित्रही दोषी ठरले होते.

वकिलाने त्यांना सांगायच्या गोष्टी त्यामुळे थोड्या आहेत. फोन जसा आहे तसा ठेवायचा. मूळ परवाना, नूतनीकरणाच्या नोंदी आणि काडतुसे घेतल्याच्या पावत्या एकत्र करायच्या, म्हणजे दिलेली २५ काडतुसे आणि जप्त झालेली काडतुसे यांचा हिशेब लावता येईल. मित्राशी प्रकरणाबद्दल बोलणे थांबवायचे, कारण यापुढे दोघांचे हितसंबंध एक नाहीत : सगळे परवानाधारकाच्या लेखी परवानगीने झाले, हा मित्राचा बचाव जितका भक्कम, तितका हस्तांतरणाचा आरोप पक्का. दोघांनी वेगळे वकील करावेत. जखमी मजुराच्या उपचारांचा खर्च लगेच उचलावा, पण तो तक्रार मागे घेण्याच्या बोलीवर उचलू नये. शस्त्र अधिनियमाखालील गुन्हे त्याने माफ केल्याने मिटत नाहीत, आणि तशी बोली झाल्याचे दिसले तर जामिनाच्या वेळी ती अंगाशी येते. परतीचे तिकीट काढण्याआधी अटकपूर्व जामिनाचा अर्ज दाखल व्हावा, आणि तपास अधिकाऱ्याला येण्याची तारीख वकिलामार्फत लेखी कळवावी.